पांझरेचे पाणी आणि फडाची शिस्त

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

महाराष्ट्रातील नद्यांची नावे घ्यावयाची झाली म्हणजे गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी ही नावे चटकन ओठांवर येतात. शाळेच्या भिंतीवरील नकाशातही त्याच ठळक रेषांनी दाखविलेल्या असतात. परंतु बहुतेक खेड्यांचा संसार या मोठ्या नद्यांवर चालत नाही. तो चालतो लहान नदीवर. तिचे नाव तालुक्याबाहेर फारसे कुणास ठाऊक नसते. पावसाळ्यात ती चार दिवस गर्जते, हिवाळ्यात शांतपणे वाहते आणि उन्हाळ्यात डोहाडोहांतून थांबून राहते. तिच्याजवळ पाणी थोडे आणि मागणारे हात पुष्कळ. म्हणूनच गावाच्या शहाणपणाची खरी परीक्षा लहान नदीच्या काठी होते.

धुळे जिल्ह्यातील पांझरा ही अशीच एक नदी. साक्री तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या डोंगरात ती उगम पावते. पिंपळनेर, सामोडे या गावांच्या परिसरातून ती पूर्वेकडे वाहते. साक्री गावाजवळून येणारी कान नदी पुढे तिला मिळते. नेरवरून धुळे शहरात येऊन ती उत्तरेकडे वळते आणि न्याहळोद, बेटावद अशी गावे मागे टाकीत शिंदखेडा तालुक्यातील मुडावद येथे तापीस मिळते. या संगमावर कपिलेश्वराचे देवालय आहे. उगमाकडील डोंगरात पाऊस बऱ्यापैकी पडतो. परंतु धुळ्याच्या परिसरात त्याचे वार्षिक प्रमाण पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास असते, आणि तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. म्हणजे डोंगरावर पडलेले पाणी खालच्या कोरड्या मुलखास पुरवून पुरवून द्यावयाचे, हेच पांझरेचे काम. हे काम तिने आणि तिच्या काठच्या गावांनी मिळून कसे पार पाडले, याची कथा म्हणजेच फडपद्धतीची कथा होय.

पाण्याची वाट

पांझरा, मोसम आणि आराम या तीन नद्यांच्या काठी, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपासून फडपद्धती चालत आली आहे. तिची रचना समजण्यास अतिशय सोपी आहे. नदीच्या पात्रात जेथे खडक चांगला लागतो तेथे दगडी बंधारा घालावयाचा. हा बंधारा पाणी साठविण्यासाठी नसतो. वाहत्या पाण्याची पातळी किंचित उंचावून ते काठाकडे वळविणे एवढेच त्याचे काम असते. बंधाऱ्याच्या एका अंगाने कालवा निघतो. हे कालवे दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब असल्याच्या नोंदी आहेत. कालव्यातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून सारंग निघतात आणि सारंगाचे पाणी प्रत्येकाच्या शेतात पोचते. जास्तीचे पाणी वाहून जावे यासाठी जागोजागी सांडम ठेवलेले असतात. सांडमातून सुटलेले आणि जमिनीतून पाझरलेले पाणी पुन्हा नदीस मिळते व पुढच्या गावाच्या बंधाऱ्यास उपयोगी पडते.

या व्यवस्थेत ना पंप आहे, ना धरणाचा दरवाजा. उतार हीच तिची शक्ती. ज्या कारागिरांनी हे कालवे आखले त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. पण उताराचे त्यांचे ज्ञान इतके अचूक होते की, त्यांनी आखलेल्या वाटांनी शेकडो वर्षे पाणी वाहत राहिले. तथापि फडपद्धतीचे खरे वैशिष्ट्य दगडचुन्यात नाही. बंधारे देशात इतरत्रही आहेत. पाणी शेतापर्यंत आल्यानंतर गावाने त्याचे काय केले, यात या पद्धतीचे मोठेपण आहे.

एक फड, एक पीक

‘फड’ हा शब्द मराठीस अनेक अर्थांनी परिचित आहे. तमाशाचा फड असतो, कुस्तीचा फड असतो, उसाचाही फड असतो. या सर्व अर्थांत एक समान धागा आहे: अनेकांनी मिळून एका कामासाठी एकत्र येणे. पांझरेकाठचा फड म्हणजे कालव्याखालील कायम बागायत जमिनीचा एक सलग भाग. सर्वसाधारणपणे एका बंधाऱ्याखालील बागायतीचे चार फड पाडलेले असतात. एखादा फड दहा हेक्टरांचा, तर एखादा दोनशे हेक्टरांचाही असतो. फडात शेते अनेकांची असतात, बांधही ज्याचे त्याचे असतात. परंतु एका हंगामात एका फडात एकच पीक घ्यावयाचे, हा नियम सर्वांना बांधून ठेवतो. एखाद्या फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात भुसार, आणि पाणी कमी असेल तर चौथा फड त्या वर्षी पडीक. पुढील वर्षी हा क्रम बदलतो.

वरवर पाहता हा नियम जाचक वाटेल. स्वतःच्या शेतात कोणते पीक घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्यास नसावा काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर जमिनीच्या वाटणीत सापडते. फडपद्धतीच्या गावांत एका कुटुंबाची जमीन सहसा एकाच ठिकाणी नसते. निरनिराळ्या फडांत तिचे तुकडे असतात. त्यामुळे ज्या वर्षी एका फडात ऊस होतो, त्या वर्षी त्या फडातील सर्वांनाच उसाचा लाभ होतो; आणि जो फड पडीक राहतो त्याची झळही सर्वांनाच थोडीथोडी बसते. कालव्याच्या मुखाशी असलेला आणि शेवटाशी असलेला असे दोन तट गावात पडत नाहीत, कारण एकाच कुटुंबाची एक पट्टी मुखाशी तर दुसरी शेवटाशी असू शकते.

शेतीच्या दृष्टीनेही हा नियम हिताचा ठरला. पीक फिरत राहिल्याने जमिनीचा कस टिकला. शेजारच्या दोन शेतांत ऊस आणि हरभरा असे पाण्याची भिन्न गरज असलेले पीक नसल्याने एकाच्या पाण्याने दुसऱ्याचे नुकसान झाले नाही. कालव्याखालील पुष्कळ जमिनी पुढे पाणथळ आणि खारवट झाल्याचा अनुभव महाराष्ट्रात इतरत्र आला. फडात ऊस एकाच जागी वर्षानुवर्षे ठाण मांडून बसत नसल्याने हा धोका पुष्कळसा टळला.

पाणी सोडणारा हात

फडाचा दुसरा नियम पहिल्याहूनही विचार करण्यासारखा आहे. ज्याचे शेत त्याने आपल्या शेतास पाणी द्यावयाचे नाही. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. पाटकरी हा सर्व फडकऱ्यांनी मिळून नेमलेला सेवक. मोठ्या फडात त्याच्या मदतीस बारेकरी असतो. खानदेशात पिकास पाणी देण्यास ‘बारे देणे’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. पाटकऱ्यांवर देखरेख करण्यासाठी हवालदार असतो, आणि उभ्या पिकाची गुराढोरांपासून राखण करण्यासाठी जागल्या असतो. या सर्वांचा मोबदला पूर्वी पिकातील ठरलेल्या वाट्याच्या रूपाने मिळत असे. पुढे तो रोखीनेही दिला जाऊ लागला.

पाटकरी फडाच्या एका टोकापासून पाणी देत निघतो. शेवटच्या शेतास पाणी मिळाल्याखेरीज पहिल्या शेतास दुसरे बारे मिळत नाही. शेत पाटलाचे आहे की विधवेचे, मालक गावात आहे की परगावी, यावर पाटकऱ्याचे फावडे अवलंबून नसते. रात्री-अपरात्री चारी फोडण्याचा मोह कोणास झालाच, तर ते लपून राहत नाही. कारण त्या वेळी पाणी कोणत्या शेतात असावयास हवे हे सर्व गावास ठाऊक असते. कालव्यातील गाळ काढणे, चाऱ्या साफ करणे ही कामे फडकऱ्यांनी वर्गणीने किंवा श्रमाने करावयाची. नियम मोडणाऱ्यास दंड व्हावयाचा. तंटा झालाच तर पंचांनी बसून तो मिटवावयाचा. या सर्व कारभाराचे कागद थोडे होते, पण स्मरण पक्के होते.

पंचायत राज्याच्या कार्यकर्त्यांनी यातील एक सूत्र विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. नियम करणारे, पाणी वाटणारे आणि पाणी वापरणारे अशा तीन भूमिका फडाने वेगवेगळ्या ठेवल्या. पंच नियम ठरवीत, पाटकरी पाणी वाटी आणि शेतकरी ते वापरी. ज्याला पाणी हवे त्याच्याच हाती चारीचे तोंड नसल्याने संशयास जागा उरली नाही. जेथे संशय नसतो तेथे भांडणाचे कारणही बव्हंशी राहत नाही.

बंधाऱ्यांनी पाहिलेले दिवस

खानदेशावर फारुकी सुलतानांची सत्ता १६०१ पर्यंत होती. त्यानंतर मोगल आले, पुढे मराठ्यांचा अंमल झाला. या दीर्घ काळात पांझरेच्या काठचे बंधारे घातले गेले, फुटले आणि पुन्हा बांधले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र या मुलखावर मोठे संकट कोसळले. लढाया, लूट आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी खानदेशातील कितीतरी गावे ओसाड झाली. बंधारा पडला म्हणून गाव उठले, की गाव उठले म्हणून बंधारा पडला, हे सांगणे कठीण व्हावे अशी ती अवस्था होती. कारण ही दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी असतात. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. पुढे वस्ती वाढली तशी बंधाऱ्यांची दुरुस्ती होत गेली.

१८७९ मध्ये मुंबई पाटबंधारे कायदा झाला. त्यानंतर अल्पावधीतच सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीत एक तरुण अभियंता खानदेशात आला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १८८४ मध्ये सेवेस आरंभ करणाऱ्या या अभियंत्याने पांझरेवरील दातर्ती गावाजवळ पाणी पलीकडे नेणारी सायफनची नळयोजना भर पावसाळ्यातील अडचणींना तोंड देऊन पुरी केली. पुढे १८९९ च्या सुमारास त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली. तिच्यात सिंचनाखालील क्षेत्राचे गट पाडून प्रत्येक गटाच्या ठराविक भागातच ऊस, व उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके, अशी आलटून-पालटून मांडणी होती. फडाचा विचार आणि गटाचा विचार हे परस्परांचे जवळचे नातलग आहेत, हे सहज ध्यानात येते. एक विचार गावाच्या बैठकीत वाढला, तर दुसरा अभियंत्याच्या आराखड्यात मांडला गेला. दोहोंचा गाभा मात्र एकच: पाणी किती आहे ते आधी पाहा आणि मग पीक ठरवा.

पीक हेच माप

हा गाभा थोडा अधिक उलगडून पाहणे आवश्यक आहे, कारण पांझरेकाठच्या गावांनी दिलेला धडा त्यातच आहे. लहान नदीवर मोठा साठा नसतो. पाऊस किती पडला आणि डोंगरातून झरा किती वाहतो, त्यावर हिवाळ्यातील प्रवाह अवलंबून असतो. हे पाणी मोजण्याची यंत्रे त्या काळी गावाजवळ नव्हती. तेव्हा गावाने पाणी मोजण्याऐवजी पीक मोजले. उसाचा फड एक ठेवावयाचा की दोन, गव्हाचा फड धरावयाचा की हरभऱ्यावर भागवावयाचे, पडीक काही ठेवावयाचे किंवा नाही, हे पावसाचा आणि नदीचा रंग पाहून ठरले की वर्षभराची पाण्याची मागणी आपोआपच ठरून जाई. मागणी पुरवठ्याच्या बाहेर जाऊच नये, अशी तजवीज बी पेरण्यापूर्वीच झालेली असे.

सरकारी कालव्यांवर रूढ झालेल्या शेजपाळी पद्धतीशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. शेजपाळीत शेतकरी नमुना ७ वर पाणी-अर्ज भरतो, अधिकारी मंजुरी देतात आणि पाळीपत्रकाप्रमाणे पाणी सोडले जाते. ही पद्धतही क्रमाची आणि न्यायाची आहे. परंतु तिच्यात प्रत्येक शेतकरी एकटाच कार्यालयाच्या दारात उभा असतो. त्याच्या शेजाऱ्याने किती मागितले हे पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. फडात ही जबाबदारी टाळता येत नाही. कारण तेथे मागणी एकट्याची नसून सर्व फडाची असते. पाणी कमी पडले तर ते कोणामुळे कमी पडले, हा प्रश्न तेथे निघत नाही. ते सर्वांनाच कमी पडते, आणि म्हणून ते पुरवून वापरण्यात सर्वांचाच स्वार्थ असतो.

गुणांबरोबर उणिवाही

कोणत्याही जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे उचित नव्हे. फडाची समानता ही जमीनधारकांमधील समानता होती. ज्याला कालव्याखाली जमीन नाही, त्याला पाण्यातही वाटा नव्हता आणि बैठकीतही स्थान नव्हते. गावातील भूमिहीन मजूर याच फडात राबत. पण उसाचे क्षेत्र किती असावे, हे विचारण्यासाठी त्यांना कोणी बोलाविले नाही. शेतीची निम्म्याहून अधिक कामे उचलणाऱ्या स्त्रिया पंचांच्या पारावर दिसत नसत. उगमाकडील डोंगरपट्ट्यात राहणारे कोकणा, भिल्ल व मावची आदिवासी ज्या रानाची राखण करीत, त्याच रानात पांझरेचे झरे जन्म घेत. तरीही खालच्या बागायतीच्या हिशेबात त्यांची नोंद कोठेच नव्हती. आज फडाकडून काही शिकावयाचे तर त्याची शिस्त घ्यावी आणि तिची वर्तुळे मात्र रुंद करावीत.

फड मोडतो केव्हा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पांझरेकाठचे चित्र झपाट्याने बदलले. कान नदीवर मालनगाव येथे, तर पांझरेवर पिंपळनेरजवळ लाटीपाडा येथे धरणे झाली. त्यानंतर निम्न पांझरा प्रकल्पाचे धरण अक्कलपाडा येथे उभे राहिले. या धरणांनी सिंचनाचे क्षेत्र वाढविले आणि धुळे शहरासही आधार दिला. त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु जो बंधारा वाहत्या नदीवर विसंबून होता, त्याचे नशीब आता धरणाच्या दरवाज्याशी बांधले गेले. पाऊस पाहून फड ठरविण्याची जुनी रीत अपुरी पडू लागली. आवर्तन केव्हा सुटणार, हा नवा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला.

त्याच सुमारास गावोगाव वीज आली आणि विहिरींवर पंप बसले. स्वतःची विहीर असलेल्या शेतकऱ्यास पाटकऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. फडाने ठरविलेले पीक त्याला अडचणीचे वाटू लागले. सहकारी साखर कारखान्याने पांझरा आणि कान या दोन्ही नद्यांची नावे धारण केली, त्यावरूनच या खोऱ्यात उसाला किती मान मिळाला होता, हे दिसून येते. नगदी पिकाची ओढ वाढली, जमिनीचे तुकडे अधिक लहान झाले, पाटकऱ्याचा मोबदला देण्यास कुरकुर होऊ लागली आणि नदीतून थेट पाणी उचलणारे पंप बंधाऱ्याच्या वरच्या अंगास लागले. पात्रातील वाळू उपसली की नदीची पाणी धरून ठेवण्याची शक्तीही कमी होते. ज्या नदीत जानेवारीनंतर पाणी दिसेनासे होते, तीच ऑगस्ट २०१९ मध्ये धुळे शहरात पूर होऊन शिरली, हा विरोधाभास विसरण्यासारखा नाही.

येथे कोणा एकास दोष देण्यात अर्थ नाही. विहीर खोदणाऱ्याने आपल्या मुलाबाळांचा विचार केला, धरण बांधणाऱ्याने तहानलेल्या शहराचा विचार केला. प्रत्येकाचे करणे आपापल्या जागी समर्थनीय होते. परंतु विहिरीतील पाणी, कालव्यातील पाणी आणि नदीतील पाणी हे एकच आहे, याचा एकत्रित हिशेब ठेवणारे कोणी उरले नाही. फड मोडला तो येथे. बंधाऱ्याचे दगड पुष्कळ ठिकाणी अजूनही शाबूत आहेत. निखळली ती बैठक.

कायद्याने दिलेली संधी

गेलेली बैठक नव्या रूपात भरविण्याची सोय आता कायद्याने उपलब्ध झाली आहे. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्यासंबंधीचा अधिनियम केला. त्यानुसार लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था स्थापन करावयाची, संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने मोजून द्यावयाचे आणि संस्थेने ते सभासदांत वाटावयाचे, अशी व्यवस्था आहे. संस्थेच्या कारभारात कालव्याच्या मुखाकडील, मधल्या व शेवटच्या भागांतील शेतकऱ्यांस सारखे प्रतिनिधित्व देण्यात आले आहे. मुखाशी व शेवटाशी एकाच कुटुंबाची जमीन ठेवून फडाने जे साधले होते, तेच येथे प्रतिनिधींच्या वाटणीने साधण्याचा प्रयत्न आहे.

एक भेद मात्र स्पष्टपणे समजून घेतला पाहिजे. फडाने पीक बांधून दिले होते. नव्या कायद्याने पाण्याचा कोटा बांधून दिला आहे आणि त्या कोट्यात कोणते पीक घ्यावयाचे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास दिले आहे. बदलत्या काळाशी हे सुसंगतच आहे. परंतु स्वातंत्र्य आले की हिशेबही आला. मोजून मिळालेले पाणी संस्थेने मोजूनच वाटले नाही, तर कोटा केवळ कागदावर राहील आणि मुखाकडचा पंप पुन्हा राजा होईल.

असे काम होऊ शकते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० नंतर पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे पाणी-व्यवस्थापन शेतकऱ्यांनी हाती घेतले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. त्या गावात नदी नाही, फड नाही. तरीही पेरणीपूर्वी मागणी ठरविण्याचे फडाचे तत्त्व तेथे नव्याने रुजलेले दिसते. आणि पांझरेच्या उगमाचा विचार करावयाचा तर साक्री तालुक्याच्याच डोंगरपट्ट्यातील बारीपाडा गावाकडे पाहावे. तेथील आदिवासी ग्रामस्थांनी चारशे हेक्टरांहून अधिक जंगल स्वतः नियम करून राखले. या कामात पुढाकार घेणारे श्री. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. वर रान राखले तरच खाली झरा वाहतो. आणि झरा वाहिला तरच बंधाऱ्याला अर्थ राहतो.

प्रत्येकाच्या वाट्याचे काम

मग पांझरेसारख्या नदीकाठच्या गावात आज काय करता येईल? ग्रामपंचायतीने दसरा-दिवाळीच्या सुमारास, रब्बीच्या पेरणीपूर्वी, एक ग्रामसभा केवळ पाण्यासाठी घ्यावी. त्या सभेत विहिरींची पातळी, बंधाऱ्यावरून वाहणारे पाणी आणि धरणातील आवर्तनांचे वेळापत्रक या तीन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात आणि त्यावरून कोणत्या पिकास किती वाव आहे, याची चर्चा करावी. पिण्याचे पाणी व गुरांचे पाणी यांचा हिस्सा आधी बाजूस काढावा. या सभेस भूमिहीनांना आणि स्त्रियांना आवर्जून बोलवावे. कारण मार्च-एप्रिलमध्ये हंडा घेऊन हिंडण्याची वेळ येते ती त्यांच्यावर.

शिक्षकांच्या हाती तर याहूनही मोलाचे काम आहे. शाळेतील मुलांनी पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवावी. दर पंधरवड्यास गावातील पाच विहिरींची पातळी दोरीने मोजावी. बंधारा, कालवा, चारी, सारंग, सांडम यांचा नकाशा काढावा आणि पाटकरी, हवालदार, जागल्या ही कामे ज्यांनी केली त्या वृद्धांकडून जुन्या रीती लिहून घ्याव्यात. अशी वही दहा वर्षे चालली, तर ती गावाच्या पाण्याचे बखरपत्र होईल आणि ग्रामसभेतील वादास पुराव्याचा आधार मिळेल.

अधिकाऱ्यांकडून अपेक्षा थोडी वेगळी आहे. आवर्तनाची तारीख गावास वेळेवर कळणे, संस्थेस मिळणारे पाणी दोन्ही पक्षांसमोर मोजले जाणे आणि जुन्या बंधाऱ्याची किरकोळ दुरुस्ती तो फुटण्यापूर्वी होणे, या तीन गोष्टी झाल्या तरी गावाचा विश्वास पुष्कळ वाढेल. जेथे फडाचे पंच अजूनही बसतात, तेथे नवी संस्था त्यांना वगळून उभारू नये. त्यांच्या अनुभवावरच तिचा पाया घालावा.

लहान नदी मोठी करता येत नाही. तिच्यात जेवढे पाणी आहे तेवढ्यातच संसार करावा लागतो, आणि घरातील शहाणी गृहिणी कणगीतील दाणे पाहून वर्षाचा बेत आखते तसाच तो आखावा लागतो. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे हा बेत गावाने एकत्र बसून आखला, आणि ठरल्यावर तो मोडण्याची मुभा कोणासही दिली नाही. बंधारे दुरुस्त करण्यास निधी लागतो, मोजमापास यंत्रे लागतात. ती शासनाकडून मिळू शकतात. एकत्र बसण्यास मात्र फक्त पाराची जागा आणि सर्वांची तयारी पुरते. येत्या रब्बीपूर्वी नदीकाठच्या काही गावांनी जरी अशी एक बैठक घेतली आणि तिचा निर्णय हंगामाच्या अखेरपर्यंत पाळला, तरी पांझरेच्या पाण्याचे मोल गावास कळले असे म्हणता येईल.